गोत्र बदलायचं राहून गेलं

दत्तविधानाच्या दिवशी मी गुरुजींना अर्ध्यातूनच जाऊ दिलं, कारण मला भूक लागली होती.

एवढीच चूक. पुढचं सगळं त्या भुकेतून निघालं, असं माझ्या सासूबाई शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. अमरावतीला मेहुण्याच्या घरी मी पाटावर बसलो होतो. गुडघे ठणकत होते, आणि स्वयंपाकघरातून गोळाभातावर ओतायच्या फोडणीचा असा वास येत होता की मंत्रांकडे लक्ष देणं पाप वाटावं. नऊ वर्षांची जुई माझ्या मांडीवर बसून उठली होती. साखर वाटून झाली होती, फोटो निघाले होते. गुरुजी म्हणाले, "आता होम. होमाशिवाय गोत्र बदलत नाही." माझा मेहुणा सुधाकर, म्हणजे जुईचा जन्मदाता बाप, लगेच म्हणाला, "होम कशाला आता? कोर्टाचे कागद झालेत. भाऊजींना भूक लागली असेल." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयर्लंडहून आलेला पुणेरी सॉफ्टवेअरवाला तो, त्याला गोत्राचं काय सोयरसुतक! मी ऐटीत म्हणालो, "जाऊ द्या हो गुरुजी, गोत्र कुठे पासपोर्टवर छापतात? जेवू या." गुरुजींनी पळी-पंचपात्र पिशवीत टाकलं आणि ते गेले. मी गोळाभात पुन्हा पुन्हा मागून घेतला. सुधाकर स्वतः वाढत होता. इतक्या प्रेमानं मला कुणी वाढलं नव्हतं, आणि त्याच वेळी मला शंका यायला हवी होती.

माझ्या मोठं होण्याच्या आठवणींमध्ये हे प्रकरण येतं, तेव्हा माझं वय पंचेचाळीस होतं हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घराण्यात दातसुद्धा उशिरा येतात.

लिमरिकमधलं आमचं घर तेव्हा फार शांत होतं. दोन्ही बाजूंना सारखीच घरं, पुढे हिरवळीचा तुकडा, मागे शेजारच्या ब्रीडाबाईंचं भुंकायचा कंटाळा असलेलं कुत्रं. घरात आवाज दोनच: सकाळी बॉयलर घुर्र करून उठायचा तो, आणि संध्याकाळी अनघा हॉस्पिटलच्या लॅबमधून आली की गाडीची किल्ली काचेच्या वाडग्यात टाकायची तो. मूल नव्हतं. त्यासाठी काय काय केलं ते मी इथे लिहिणार नाही. अनघाला आवडणार नाही आणि वाचणाऱ्यालाही नाही. आम्ही ते बोलणं सोडून दिलं होतं. वरच्या मजल्यावरची छोटी खोली इस्त्रीची खोली झाली होती. अशात एका दिवाळीत सुधाकरचा फोन आला. त्याला दोन मुली. म्हणाला, "अनघा, धाकटी तुझ्या ओटीत घालतो. तुमचं घर भरेल, पोरीचं भलं होईल." अनघा रडली. मी तर इतका रडलो की शेवटी तिनंच मला पाणी आणून दिलं.

माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा दुसरा दोष. पहिला भूक. मिलिंद हा माझा लिमरिकमधला सगळ्यात जवळचा मित्र, नागपूरचा. त्याच्या चाळिसाव्या वाढदिवसाची गुप्त पार्टी त्याच्या बायकोनं महिनाभर आखली होती, आणि मी ती त्याला पेट्रोल पंपावर सांगून टाकली. मुद्दाम नाही. त्यानं फक्त विचारलं होतं, "काय, शनिवारी काय बेत?" आणि काही दाबून ठेवायचं ठरवलंच तर माझे कान लाल होतात. लहानपणी आई मला काही विचारायचीच नाही. नुसती कानांकडे बघायची.

त्यामुळे नोरा नावाची सोशल वर्कर आमची पारख करायला घरी येऊ लागली तेव्हा सगळे घाबरले, मी सोडून. परदेशातून मूल आणायचं तर आधी हे. ती महिनोन्‌महिने येत राहिली. घर बघायला नाही, माणसं बघायला. पिकलेल्या केसांची, पायात चिखलाचे बूट, चहात दूध आमच्याहून जास्त. मी तिला सगळं सांगितलं. मी घोरतो ते, वडिलांनी मला एकदा भर लग्नात थोबाडीत दिली होती ते, मला आधी मुलगा हवा होता तेसुद्धा. अनघा टेबलाखालून माझ्या पायावर पाय देत होती. नोरानं विचारलं, "मुलीच्या आईवडिलांना खरंच कळलंय ना, की ती आता कायमची तुमची होणार?" मी सुधाकरचा फोन, ओटी, दिवाळी, सगळं शपथेवर सांगितलं, आणि सांगता सांगता पुन्हा रडलो. नोरानं माझा हात थोपटला. "यू आर ग्रँड," म्हणाली. इकडे ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, 'ठीक, छान' एवढंच. जाताना अनघाला दारात म्हणाली, असा पारदर्शक माणूस तिनं इतक्या वर्षांत पाहिला नव्हता. अनघा हसली नाही. मला वाटलं, दमली असेल.

मग अमरावतीचं कोर्ट झालं, तो गोळाभात झाला, आम्ही स्पॉन्सर म्हणून दिलेले पुरावे झाले, आणि शेवटी व्हिसा झाला. जुईला आणायला अनघा गेली. डब्लिनच्या विमानतळावर काच सरकली आणि तिघी बाहेर आल्या: पुढे अनघा, मध्ये पाठीवर स्वतःहून मोठी सॅक घेतलेली जुई, आणि मागे नातीची सोबत म्हणून आलेल्या सासूबाई, नऊवारीवर दोन स्वेटर आणि डोक्यावर गळ्यापर्यंत ओढलेली तपकिरी कानटोपी. त्या टोपीतून फक्त नाक आणि मत बाहेर येत असे. "जावईबापू," त्या पहिल्याच दमात म्हणाल्या, "तुमच्या देशात सूर्य रजेवर हाये का जी?"

इस्त्रीची खोली जुईची झाली. घरात एकदम आवाज आले. सासूबाई पहाटे खलबत्त्यात काहीतरी कुटत, ब्रीडाबाईंचं कुत्रं त्याला उत्तर देई. डाळभाजी, पातोडीची भाजी, ज्वारीच्या पिठाची आंबील यांच्या वासानं पडदे भरून गेले. जुई जेवताना पाय हलवायची, आणि त्या टेबलाची ती कुरकुर मला इतकी आवडायची की मी ते मुद्दाम दुरुस्त केलं नाही. ती मला काका म्हणायची, अनघाला आत्या. मी म्हटलं, घाई नाही. मी स्वतः माझ्या वडिलांना नाना म्हणायचो, कारण सगळी चुलतभावंडं नाना म्हणायची. हाक कुठलीही असो, माणूस तोच. असं मी नोरालाही समजावून सांगितलं. तिनं लिहून घेतलं.

पोर आली म्हणून सत्यनारायण घालायचं ठरलं. लिमरिकमध्ये गुरुजी मिळत नाहीत, म्हणून नाशिकचे एक गुरुजी व्हिडिओ कॉलवर. लॅपटॉप इस्त्रीच्या टेबलावर, टेबलाला सासूबाईंनी हळदीकुंकू लावलेलं. मिलिंद, त्याची बायको, आणखी दोन-तीन मराठी घरं, आणि ॲपल टार्ट घेऊन आलेल्या ब्रीडाबाई. त्यांनी माझ्या कानात विचारलं, हे बारसं आहे का? मी म्हटलं, तसंच समजा. आणि तसंच समजून मी नवं सोवळं नेसून बसलो होतो. तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय भाव असेल ते मला आज आठवतं आणि त्या माणसाला कुणीतरी खांद्याला धरून तिथून उठवावं असं वाटतं.

गुरुजी संकल्प सांगू लागले. "यजमान, गोत्र म्हणा."

"भारद्वाज."

"भारद्वाजगोत्रोत्पन्नः... धर्मपत्नी अनघा... कन्येचं नाव?"

"जुई!" मी जरा मोठ्यानंच म्हणालो.

"माझं काश्यप आहे," जुई म्हणाली.

लॅपटॉपमधले गुरुजी हसले. "बाळा, ते आधीचं. दत्तक गेल्यावर वडिलांचं गोत्र लागतं."

"पण होम झाला नाही ना," जुई म्हणाली. ती उद्धटपणे बोलत नव्हती. शाळेत पाठ केलेलं उत्तर देतात तसं, शहाण्या मुलीसारखं बोलत होती. "बाबा म्हणाले, होम झाला नाही म्हणजे गोत्र बदललं नाही. कुणी विचारलं तर काश्यपच सांगायचं. इकडे फक्त कागदावर बदललंय. काकांना सांगायचं नाही म्हणाले, पण देवाला खरं सांगावं लागतं ना?"

ब्रीडाबाईंना काही कळलं नाही, त्या प्रेमानं हसत राहिल्या. गुरुजी म्हणाले, "यजमान? यजमान, तुमचा आवाज येत नाहीये."

येत नव्हताच.

मी लोकांकडे पाहिलं. वाईट त्या वाक्याचं वाटलं नाही. वाक्य कळायला मला वेळ लागला. वाईट याचं वाटलं की कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मिलिंद हातातल्या तुळशीच्या पानाचा अभ्यास करत होता. त्याची बायको एकाएकी समईची वात सारखी करू लागली. अनघानं डोळे मिटले होते, आणि ती प्रार्थना करत नव्हती. मी एका क्षणात ओळखलं की या खोलीत मूर्ख एकच आहे आणि त्यानंच सोवळं नेसलंय. "गुरुजी, पुढे चालू द्या," सासूबाई लॅपटॉपला म्हणाल्या, "शिरा थंडा होऊन राहिला." आणि गुरुजींनी पहिला अध्याय सुरू केला. पाचही अध्याय मी ऐकले. साधुवाण्यानं खोटं सांगितलं आणि त्याच्या नावेतल्या धनाची पानं झाली, या ठिकाणी मिलिंदला खोकला आला.

पाहुणे लवकर गेले. मिलिंद दारात बूट घालताना म्हणाला, "विनायक, अनघाकडून आम्हाला कळलं होतं. तुला सांगणार होतो यार. पण तू..." मी म्हटलं, "मी काय?" तो म्हणाला, "तू म्हणजे तू आहेस ना." त्या माणसाशी मी पुढे वर्षभर बोललो नाही. आता बोलतो. लिमरिकमध्ये मराठी माणसं मोजकीच, फार दिवस रुसणं परवडत नाही.

स्वयंपाकघरात अनघा शिऱ्याचं पातेलं घासत होती. घासून झालं होतं तरी घासत होती.

"कधीपासून माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्या फोननंतर लगेच." तिनं मागे वळून पाहिलं नाही. "दादानं दुसऱ्या दिवशी मला एकटीला फोन केला. म्हणाला, अठरा वर्षांची होईपर्यंत तुमची. मग ती तिचं ठरवेल, आम्हाला तिकडे बोलावेल. तोपर्यंत तूच तिची आई."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" आता ती वळली. "अरे, तू नोराला चहा देता देता सांगितलं असतंस! आणि मला मूल हवं होतं, विनू. कायमचं नाही तर नाही. अठरापर्यंत तर अठरापर्यंत. मी हिशेब केला नाही. तुझ्यासारखी निर्मळ मनाची ऐट मला परवडणारी नव्हती."

यावर इतक्या वर्षांत तयार केलेली सगळी उत्तरं तिच्या त्या साबणाच्या हातांपुढे टिकत नाहीत.

"अठरा?" दारातून आवाज आला. जुई रिकामी वाटी घेऊन उभी होती. "सहावी ना? बाबा म्हणाले होते, पाचवीपर्यंत तिकडे शिकायचं, इंग्लिश पक्कं करायचं, आणि सहावीला परत. ताईच्या शाळेत."

अनघाच्या हातातलं पातेलं सिंकमध्ये पडलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या कानटोपी घालूनच कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. "माह्याकडे काऊन पाहून राहिले? मले तं सुध्या म्हणे, आई, कायमचीच देऊन राहिलो, पण सुनंदेले सांगू नको, ती मरून जाईन." सुनंदा म्हणजे जुईची आई.

"म्हणजे तुम्हालाही माहीत नव्हतं?" मी विचारलं.

"मले एवढंच माहीत होतं का सुध्या प्रत्येकाले ज्याच्या त्याच्या मापाचं सांगते. शाळेपासून तसाच हाये तो. तुमाले बी तुमच्या मापाचं मिळालं, जावईबापू. ढगळं होतं, पण तुम्ही हौसेनं घातलं."

म्हणजे सगळ्यांना खरं माहीत होतं आणि मला नव्हतं, हा माझा समजही खोटाच निघाला. खरं कुणालाच माहीत नव्हतं. फसवल्या गेलेल्यांत मी एकटा शहाणा हुतात्मा, हे पदही त्या दुपारी गेलं, कारण दारात रिकामी वाटी घेऊन उभी असलेली ती पोर माझ्याहून जास्त फसली होती.

मी सुधाकरला फोन लावला. ओरडायचं असं ठरवून लावला. तो म्हणाला, "भाऊजी, मनाला लावून घेऊ नका. तुमचे कागद पक्के आहेत, आमचं गोत्र पक्कं आहे. दोघांचंही काही बिघडलं नाही." मी म्हटलं, मी त्या बाईसमोर शपथेवर बोललो, रडलो! तो शांतपणे म्हणाला, "म्हणून तर तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रडू आलं असतं का?" माझं रडूसुद्धा त्यानं आधीच हिशेबात धरलं होतं. त्याला माझी इतकी पारख होती, आणि मला त्याची त्याच्या वाढण्याच्या हातापुरती.

जुईनं दुसऱ्या दिवशी त्याला स्वतः फोन केला. दार लावून घेतलं. बाहेर आली तेव्हा मी जिन्यावर बसलो होतो, बुटाची नाडी बांधतोय असं दाखवत. बूट अनघाचा होता.

"काय म्हणाले?"

"विचारलं, सहावीला येऊ का." ती माझ्या शेजारच्या पायरीवर बसली. "म्हणाले, बघू."

'बघू' म्हणजे काय हे मराठी मुलाला पाळण्यात कळतं. सायकल घ्याल का? बघू. सहलीला जाऊ का? बघू. मला माझ्या वडिलांचे सगळे 'बघू' एका रांगेत आठवले. बॉयलर घुर्र करून उठला. जुई म्हणाली, "आंबील आहे का?" मी ती गरम करून दिली. मला तिच्यावर रागवायचं होतं, तिनं मला महिनोन्‌महिने फसवलं होतं, आणि ती ज्या तऱ्हेनं दोन्ही हातांनी वाटी धरून बसली होती त्यात रागवायला जागाच नव्हती.

आठवडाभरात नोरा यायची होती. मूल आल्यावरही अधूनमधून येत राहणं हा तिच्या कामाचा भाग. तो आठवडा मी कसा काढला ते विचारू नका. खरं सांगितलं असतं तर माझा राग फिटला असता, सुधाकरला धडा मिळाला असता, माझी शपथ धुऊन निघाली असती. आणि मग चौकशी झाली असती, वकील आले असते, आणि पोरीला परत पाठवा असंही कुणी म्हणालं असतं. परत कुठे? 'बघू'कडे? अनघानं माझ्या ताटात जास्त तूप वाढायला सुरुवात केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला तुपाचा संशय आला.

नोरा आली, चिखलाचे बूट दाराशी काढले, नेहमीच्या खुर्चीत बसली. अनघानं चहा ठेवला. सासूबाई कोपऱ्यात. जुई प्रेसमधून बिस्किटांचा डबा काढत होती. स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणायला ती पहिल्याच महिन्यात शिकली होती. नोरानं अनघाला एक-दोन गोष्टी विचारल्या, जुईला शाळेबद्दल विचारलं. मग माझ्याकडे वळली. खरं काय ते मलाच विचारायचं, अशी तिची सवय झाली होती.

"मग विनायक, सगळं कसं चाललंय? सगळे जिथे असायला हवेत तिथे आहेत ना?"

मी तोंड उघडलं. सगळं जिभेवर होतं: होम, काश्यप, सहावी, अठरा. जुईचा हात डब्यात थांबला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती, बिस्किटांकडे बघत होती. ते न बघणं मी ओळखलं. मीही जिन्यावर तसाच बुटाकडे बघत बसलो होतो.

"ग्रँड," मी म्हणालो. "एव्हरीथिंग इज ग्रँड."

या देशात हा एकच शब्द असा आहे की त्यात मेलेला माणूससुद्धा लपवता येतो. नोरा माझ्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिनं चहा संपवला, आणखी अर्धा कप घेतला, ब्रीडाबाईंच्या कुत्र्याची चौकशी केली आणि बूट चढवून गेली. तिला काय कळलं आणि काय नाही, हे मला अजून माहीत नाही. तिची गाडी वळेपर्यंत मी खिडकीत उभा होतो. मनात आलं, हिनं मला पारदर्शक म्हटलं होतं. माझ्याबद्दल कुणी म्हटलेलं ते सगळ्यात चांगलं वाक्य, आणि मी आत्ताच ते खोटं पाडलं. ज्या माणसांनी मला फसवलं त्यांच्याच पंगतीला जाऊन बसलो, तेही कुणी बोलावलं नसताना.

जुई आज गॉलवेला आहे, वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत. मला काकाच म्हणते. अठरावं आलं आणि गेलं. सुधाकर अजून अमरावतीला आहे, आणि आपल्याला आयर्लंडला कधी बोलावणार असं त्यानं विचारलं की ती काय उत्तर देते हे मी भिंतीआडून ऐकलंय. दोन अक्षरी आहे. पण ती स्वतः कुणाची, हे तिनं मलाही सांगितलेलं नाही, आणि मीही विचारत नाही. मला सांगितलेलं गावभर होतं, हे तिला माहीत आहे.

त्या दिवशी मात्र मी खिडकीतून वळलो तेव्हा ती टेबलाशी बसली होती. पाय हलत होते, टेबल कुरकुरत होतं. तिनं डब्यातलं शेवटचं बिस्किट चहात बुडवलं, सावकाश खाल्लं, आणि कोपऱ्यातल्या आजीच्या डोक्याकडे बोट दाखवून म्हणाली,

"काका, तुम्हाला अजिबात खोटं बोलता येत नाही. तुमचे कान टोमॅटोसारखे झाले होते. पुढच्या वेळी ती बाई यायच्या आधी आजीची कानटोपी घालून बसा."